विनाकारण

गेवराईच्या बसस्थानकावर ओळखीचं माणूस भेटलं की दोन प्रश्न येतात. कुठं निघालात, आणि कशाला? पहिल्याचं उत्तर कुणी फारसं ऐकत नाही. दुसऱ्याचं मात्र तयार असावं लागतं. दवाखाना, कोर्ट, सोयरीक, कुणाची माती, बाजार, नाहीतर राक्षसभुवनचा शनी. "उगंच, बघायला" हे उत्तर दिलं की समोरचा हसतो, किंवा काळजीनं बघतो.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतर चहाच्या टपरीवर एक तक्रार सुरू झाली, ती अजून संपलेली नाही: "बायका आता विनाकारण फिरायला लागल्या." तक्रारीतला 'विनाकारण' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे गाडी आहे, तो शनिवारी महाबळेश्वरला जातो तेव्हा त्याला कुणी कारण विचारत नाही. कारण मागितलं जातं ते अर्ध्या तिकिटावर बसलेल्या बाईला. म्हणजे प्रश्न तिकिटाचा नाही. काही कामाशिवाय एखादी जागा बघायला जाणं हा कुणाचा हक्क आहे, हा तो प्रश्न आहे.

गेवराई तालुक्यातली माणसं कमी फिरतात असं नाही. उलट महाराष्ट्रात इतकं फिरणारी माणसं थोडी असतील. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडी, धान्य, लेकरं भरायची आणि सांगली, सातारा, कोल्हापूर, नाहीतर थेट कर्नाटकातला कारखाना गाठायचा. नवरा-बायकोच्या जोडीला तिथल्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. अशा कोयत्यांनी कृष्णाकाठचं सगळं हिरवं खोरं वर्षानुवर्षं पायाखाली घातलंय. पर्यटनाच्या जाहिरातीत जो मुलूख 'निसर्गरम्य' म्हणून छापतात, त्यातला बराचसा ह्यांनी पहाटेच्या अंधारात, डोक्यावर मोळी घेऊन पाहिलेला आहे.

गेल्या श्रावणात महिला बचत गटाच्या एका दिवसाच्या सहलीत मी होतो. गेवराईहून बीड, मांजरसुंब्याजवळचं कपिलधार, मग पाटोद्यावरून सौताडा, आणि रात्री परत. माहिती सांगायला एक निवृत्त शिक्षक होते. शेजारी साठीच्या एक मावशी बसल्या होत्या.

"मावशी, याआधी कुठं कुठं फिरलात?"

"फिरायला कुठं गेलो बाबा? कामालाच गेलो."

मग त्यांनी सहज दहा-बारा गावांची नावं घेतली. वारणेकाठ, कऱ्हाड, बेळगावकडचं काही. वीस-बावीस हंगाम. इतकी गावं पाहूनही त्यांच्या लेखी ते 'फिरणं' नव्हतं.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९० मध्ये सौंदर्याबद्दल एक ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादी गोष्ट सुंदर आहे की नाही हे ठरवताना ती आपल्या काय कामाची, हा विचार बाजूला ठेवावा लागतो. त्याने राजवाड्याचं उदाहरण दिलंय. वाडा सुंदर आहे का असं विचारल्यावर, असल्या डामडौलापायी लोकांचा घाम वाया जातो असं कुणी म्हणालं, तर ते म्हणणं खरं असेलही, पण प्रश्न तो नव्हता. मला यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. काम बाजूला ठेवायला आधी ते बाजूला ठेवता यावं लागतं. टनावर मजुरी असेल तर उसाच्या फडावर उगवणारा सूर्य सुंदर आहे की नाही, हा विचार करायला थांबलेली मिनिटं कुणाच्या तरी हिशेबातून कापली जातात. डोळे सगळ्यांना असतात, बघण्याची सवड मात्र वाटली जाते, आणि तिची वाटणी सारखी नाही.

म्हणून एका दिवसाची ही बसची सहल मला किरकोळ वाटत नाही. त्या दिवशी मावशींना कुठलाच टन भरायचा नव्हता. नवससुद्धा फेडायचा नव्हता. यात्रा आणि सहल यांत हाच फरक आहे. यात्रेला जाणारा देवाचं काहीतरी देणं लागतो, सहलीला जाणारा त्या दिवसापुरता कुणाचंच नाही. ज्यांचं अख्खं आयुष्य उचल फेडण्यात गेलं, त्यांना असा एक दिवस मिळणं ही चैन नाही, न्याय आहे.

पण 'कुणाचंच देणं नाही' हे पुरतं खरं आहे का? सौताड्याच्या कड्यावर हा प्रश्न उभा राहिला.

तिथे विंचरणा नदी बालाघाटाच्या कड्यावरून खाली झेपावते. तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. श्रावणात सगळी दरी हिरवीगार असते. बसमधली तरुण मंडळी उतरली ती थेट कठड्याकडे, मोबाइल उंचावून. मावशी जरा मागे उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या उतारावरच्या वावरांकडे बघत म्हणाल्या, "सगळं पाणी पळून चाललंय की. हितल्या माणसांचं उन्हाळ्यात कसं व्हत आसंल?"

रेमंड विल्यम्स या ब्रिटिश समीक्षकाने १९७३ च्या एका पुस्तकात दाखवलंय, की एखाद्या मुलखाला 'दृश्य' म्हणण्यासाठी बघणाऱ्याला आधी त्यापासून वेगळं व्हावं लागतं. कड्यावरचे आम्ही बहुतेक जण वेगळे होतो. मावशी नव्हत्या. गोदाकाठच्या गंगथडीतून येऊनही त्यांना बालाघाटातला तो उतार आपल्या हिशेबातला वाटला, आणि ते बरोबरच होतं. पाटोदा तालुक्यातूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. विंचरणेचं पाणी दक्षिणेला सीनेत, तिथून भीमेत आणि पुढे कृष्णेत जातं. माणसंही त्याच दिशेला जातात. श्रावणात जी दरी बघायला आपण बस करून येतो, तिच्या आसपासच्या कितीतरी घरांना दिवाळीनंतर कुलूप असतं. आपण बारा महिन्यांपैकी दोन महिने बघतो आणि त्यालाच 'सौताडा' म्हणतो.

याचा अर्थ सहलीला जाऊ नये, असा काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. दुसऱ्याच्या कष्टाच्या जागेवर आनंद घेणं अनैतिक, असा नियम केला तर पहिला दंड मावशींना बसेल. ज्यांना कधी जाताच आलं नाही, त्यांनाच पुन्हा घरी बसवायचं. पण कड्यावर उभं राहून त्यांनी आनंद आणि चौकशी दोन्ही एकदम केलं. त्या हसल्याही, तुषार अंगावर आले तेव्हा पदर सावरत ओरडल्याही. पाण्याची काळजी केल्यामुळे त्यांचा धबधबा काही कमी झाला नाही. कांटने जे दोन प्रश्न वेगळे केले, ते त्यांनी एकाच नजरेत विचारले.

मराठीत बाहेरून येणाऱ्याला दोन नावं आहेत, पाहुणा आणि गिऱ्हाईक. 'पाहुणा' या शब्दाचा 'पाहणे'शी व्युत्पत्तीनं संबंध नाही, तरी कानाला तो लागतोच. पाहुणा येतो तेव्हा घरच्यांची ख्यालीखुशाली विचारतो, पाणी पितो, आणि घरच्यांच्या सोयीनं वागतो. गिऱ्हाईक पैसे देतं आणि वेळ झाली की निघतं. साताऱ्याजवळच्या कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला आणि गर्दी वाढली. तेव्हा वनखात्याबरोबर आसपासच्या गावांच्या समितीनं शुल्क लावलं, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली, गाड्या लांब थांबवल्या. काहींना तो जाच वाटला. मला त्यात यजमानपण दिसतं. पाहुण्यानं कसं यावं हे घरच्यांनी सांगायचं असतं, आणि सांगता यायला घरची माणसं घरी असावी लागतात.

म्हणून सहलीच्या संयोजकांना माझी एक सूचना आहे. श्रावणातली बस न्याच. पण त्याच दरीला एक बस चैत्रातही न्या. धबधबा तेव्हा नसेल, कडा उघडा पडलेला असेल, फोटो चांगले येणार नाहीत. पण टोळ्या तोवर परतलेल्या असतात, कुलपं निघालेली असतात, आणि दारात कुणीतरी असतं. तिथं कुणी विचारलंच, "या उन्हात कशाला आलात?", तर उत्तर सोपं आहे. उगंच. तुम्हाला भेटायला.