गुरुवारचा प्रेक्षक

थेरगाव

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. 'नाना, कल्ट म्हणतात तसले सिनेमे आणि जरा वेगळं संगीत, दोन्हींची यादी पाठवा' असं तू लिहिलंस. यादी पाच मिनिटांत झाली असती. पण मला तुला माझी मतं सांगायची आहेत, भांडून सांगायची आहेत, आणि ती यादीत मावत नाहीत. म्हणून हे पत्र.

आधी गुरुवारचं सांगतो. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी पडू नये म्हणून एमआयडीसीत ही पद्धत पडली. सिनेमे मात्र बदलतात शुक्रवारी. म्हणजे जो सिनेमा चालला नाही, त्याचा थिएटरातला शेवटचा दिवस तोच आमच्या सुट्टीचा दिवस. पिंपरीचं विशाल, चिंचवडचं जयश्री, नाहीतर पीसीएमटीची बस धरून थेट पुण्यातलं अलका किंवा नीलायम. पेपरातली परीक्षणं छापून झालेली, 'पडला' म्हणून बोलबाला झालेला, आणि आम्ही रातपाळी उतरलेले चार जण अर्ध्या रिकाम्या थिएटरात बसलेलो. माझी आवड तिथं घडली. पडलेल्या सिनेमावर माझा जीव आहे तो त्यामुळे. पहिल्या आठवड्याचा गल्ला हा गल्ल्याचा हिशेब. सिनेमाचा निकाल लागायला वर्षं जातात, आणि तो निकाल तुझ्या-माझ्यासारखे लोक लावतात.

'सामना' घे. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, त्यांचा हा पहिलाच सिनेमा. निर्माते रामदास फुटाणे, पेशानं चित्रकलेचे शिक्षक. पटकथा विजय तेंडुलकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचं. सुरुवातीला तो चालला नाही. मग १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी त्याची निवड झाली, तो पुन्हा लागला आणि लोकांनी उचलून धरला. बर्लिनमुळे लोक आले हे खरं, पण पन्नास वर्षं तो टिकला तो बर्लिनमुळे नाही. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठूनसा गावात येऊन पडलेला, दारूत बुडालेला म्हातारा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मारुती कांबळे नावाचा एक माणूस गावातून नाहीसा झालाय आणि मास्तर त्याच्याबद्दल विचारायचं काही सोडत नाही. एवढीच गोष्ट. निळूभाऊंकडे नीट बघ. आवाज चढवत नाहीत, फार हलत नाहीत. पाहुणचार करताना त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं अगत्य असतं, आणि भीती वाटते ती त्या अगत्याची. खलनायक म्हणून त्यांच्या नकला करणारे त्यांचा घोगरा आवाज उचलतात, हे अगत्य कुणाला उचलता आलेलं नाही.

तुझ्या पिढीचा 'सामना' म्हणजे 'तुंबाड'. १२ ऑक्टोबर २०१८ ला आला आणि फारसा कुणाला न कळता गेला. मग तुम्ही मुलांनी मोबाइलवर पाहिला, एकमेकांना दाखवला, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. मला याचा मनापासून आनंद झाला. राही अनिल बर्वे यांनी पावसाचं खरं आभाळ हवं म्हणून कितीतरी पावसाळे घालवले. तो गळका, शेवाळलेला वाडा म्हणजे आपला सासवडचा पुरंदरे वाडा. भाषा हिंदी असली तरी त्याचं मूळ मराठी आहे: नारायण धारपांच्या कथेवरून तो सुचला, आणि नाव पाहिलं की श्री. ना. पेंडश्यांच्या कादंबरीतल्या तुंबाडच्या खोतांची आठवण येते. तू धारप वाचलेले नाहीस. आपल्याकडे भयकथेला साहित्यात बसायला पाट मिळाला नाही. लायब्ररीत मात्र धारपांची पुस्तकं हातोहात फिरून खिळखिळी झालेली असायची. त्या वाचकांनी जे जपलं, त्यातूनच पुढे 'तुंबाड' उभा राहिला असं मी मानतो.

आता तुझ्याशी भांडण. तू मला 'अशी ही बनवाबनवी'तल्या धनंजय मानेच्या, म्हणजे अशोक सराफांच्या, रील्स पाठवतेस. तो सिनेमा मलाही प्राणप्रिय आहे, पण तो तुकड्यांत पाहू नकोस. १९८८ चा हा सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला, हे खरं. पण त्याची बोली आहे वसंत सबनिसांची. ज्या लेखणीनं दादा कोंडक्यांसाठी 'विच्छा माझी पुरी करा' आणि 'सोंगाड्या' लिहिला, त्याच लेखणीनं हे चार बिऱ्हाडशोधे मित्र लिहिले. तमाशातली बतावणी कशी चालते? एक जण सरळ बोलतो, दुसरा ते वाकडं धरतो, पहिला सावरायला जातो आणि आणखी खोलात रुततो. बनवाबनवीत नेमकं हेच आहे, फक्त फडावरून भाड्याच्या घरात आलेलं. तीस सेकंदांच्या तुकड्यात शेवटची टाळी तेवढी दिसते. अशोक सराफ त्या टाळीसाठी मागची दहा मिनिटं काय काय रचत आणतात ते दिसत नाही. सचिन, लक्ष्मीकांत आणि अशोक सराफ एकमेकांच्या वाक्याला जागा कशी करून देतात ते अख्ख्या सिनेमातच कळतं. पुन्हा पाहा, पहिल्यापासून, मधे थांबू नकोस.

कमल स्वरूपचा 'ओम दर-ब-दर'ही पाहा. १९८८ साली तयार झाला आणि थिएटरात यायला २०१४ उजाडलं. गोष्टीचा पाठलाग करू नकोस, आवाज आणि गाण्यांकडे कान दे. पण विचित्र असणं पुरेसं आहे असं मला वाटत नाही. नुसत्या विक्षिप्तपणासाठी डोक्यावर घेतलेले पुष्कळ सिनेमे पाहिलेत आणि ते आठवतसुद्धा नाहीत.

संगीताचं वेगळं आहे. तिथे माझी आवड मी घडवली नाही, थेरगावनं घडवली. डांगे चौकाच्या आसपास आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहायचो तेव्हा एका भिंतीपलीकडे मराठवाड्याचं बिऱ्हाड, दुसऱ्या भिंतीपलीकडे केरळचं, वर तामिळनाडूचे वेल्डर. रातपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायचं असतं आणि शेजाऱ्याला टेप लावायचा असतो. प्रल्हाद शिंदे, इळैयाराजा आणि येसुदास मी असे भिंतीतून ऐकले, भाषा कळत नसताना. पुढे भिंतीतून ऐकू येईना तेव्हा स्वतः कॅसेटी भरून घ्यायला लागलो. दुकानदाराला कागदावर गाणी लिहून द्यायची, तो कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. माझ्या एका कॅसेटच्या एका बाजूला कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं होती आणि दुसऱ्या बाजूला प्रल्हाद शिंदे. दुकानदार म्हणाला, हे एकत्र जात नाही. मी म्हणतो, जातंच. कुमारजींचं एक फुप्फुस क्षयानं निकामी झालेलं. म्हणून स्वर छोटा, टोकदार, बाणासारखा सुटतो आणि मागे पोकळी सोडतो. शिंदे भरल्या छातीनं, मागच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून गातात. विठ्ठलाचं गाणं असो, भीमगीत असो की कव्वाली. एकाच संध्याकाळी दोन्ही ऐक. माणसाच्या गळ्यात किती आहे ते दोघांना शेजारी ठेवल्यावरच समजतं. यातला एक 'शास्त्रीय' आणि दुसरा 'मिरवणुकीतला' अशी उतरंड जे लावतात, त्यांचं मला कधीच पटलेलं नाही.

आणि एक तबकडी तुझ्यासाठी राखून ठेवली होती. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली त्यांनी तीन नवी जपानी रोलँड यंत्रं घेतली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले: भैरवी, ललित, तोडी, मधुवंती, मालकंस वगैरे. कुणी फारशी विचारली नाही. काही वर्षांनी अमेरिकेत शिकागोच्या पोरांनी त्यातल्याच टीबी-३०३ या यंत्रावर ॲसिड हाउस नावाचं संगीत काढलं आणि ते जगभर गाजलं. चरणजितजींची तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले. हेडफोन लावून ललित ऐक. खाली ठेका जराही बदलत नाही, गिरणीतल्या मागासारखा चालूच. वर सूर एकावरून दुसऱ्यावर घसरत जातो, कारण त्या यंत्रात तशी घसरणीची सोयच आहे, आणि वाजवणाऱ्याच्या कानात मींड, म्हणजे सुरावरून सुरावर सलग सरकणं, आहे. दोघांची गाठ पडली. ज्यांना हे फक्त गंमत वाटतं, त्यांनी तो राग नीट ऐकलेला नाही.

'जैत रे जैत' (१९७७) सिनेमा म्हणून पाहू नकोस, आधी ऐक. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ना. धों. महानोरांचे शब्द, मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची. ठाकरांची गोष्ट जवळजवळ गाण्यांतूनच सांगितली आहे. गाणी वेगळी काढून वाजवली तरी गोड लागतात, पण मोहन आगाशांचा ढोल वाजवणारा नाग्या आणि स्मिता पाटीलची चिंधी डोळ्यांसमोर असली की त्याच चाली अंगावर येतात.

पिंपरीहून पुण्याला आता मेट्रो आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात जुन्या सिनेमांचे खेळ होतात, त्यांच्यावर लक्ष ठेव. मोठ्या पडद्यावर 'सामना' मिळाला तर मला आधी कळव, गुडघे दुखत असले तरी मी येईन. तोवर घरी पाहा आणि एक गोष्ट लिहून पाठव: शेवटी कोण जिंकतं, मास्तर की हिंदुराव? तुझे आजोबा मरेपर्यंत मास्तर म्हणत होते. मी अजूनही हिंदुरावाच्या बाजूनं आहे, आणि माझ्याकडे कारणं आहेत.

तुझा,
नाना