सदऱ्याची इस्त्री आणि घरातील शांती

ह्या लेखाचा मथळा वाचून कित्येकांस हसू येईल, हे आम्ही जाणतो. तारण, पश्चात्ताप, प्रार्थना असे थोर विषय सोडून धुण्याबडवण्याविषयी काय लिहावयाचे, असेही कोणी म्हणेल. परंतु खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देताना आम्हांस असे आढळून आले आहे की, नवराबायकोंमध्ये त्रैक्याच्या सिद्धांतावरून भांडण झाल्याचे कधी ऐकू येत नाही. भांडण होते ते भाजीतल्या मिठावरून, अवेळी आलेल्या पाहुण्यांवरून आणि कपड्यांवरून. जेथे भांडण होते तेथेच आपल्या प्रीतीची पारख होत असते. म्हणून हा विषय हलका मानू नये, अशी आमची विनंती आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका कोरडवाहू गावच्या मंडळीस भेट देण्याचा योग आला. शनिवारी सायंकाळी आम्ही तेथील उपदेशकाच्या घरी उतरलो. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होते. दिवेलागणीच्या सुमारास उपदेशकाने पेटीतून आपला पांढरा सदरा बाहेर काढला. सदरा स्वच्छ होता, नीळही बेताची दिलेली होती; पण वाळल्यावर घडी घालून तो इतर कपड्यांखाली ठेवल्यामुळे त्याच्या पाठीवर सुरकुत्यांचे जाळे पडले होते.

"इस्त्री केली नाहीस?" त्याने विचारले.

"अहो, धुतला, वाळवला, घडी घातली. आणखी काय करायचे राहिले?" तिने चुलीपुढूनच उत्तर दिले.

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण पुढे शास्त्र निघाले, आणि शास्त्र निघाले म्हणजे लहान भांडणही मोठे होते. उपदेशकाने जखऱ्याच्या पुस्तकातील मुख्य याजक यहोशवाची मळकी वस्त्रे काढून त्याला नवी लेवविल्याची गोष्ट काढली. प्रकटीकरणातील शुभ्र झग्यांच्या समुदायाची आठवण दिली. स्वच्छता ही भक्तीच्या खालोखाल आहे, असे शास्त्रच सांगते, असेही तो म्हणाला. (हे मात्र शास्त्रात कोठेही नाही. जॉन वेस्ली ह्यांनी पोशाखावरील आपल्या एका उपदेशात ही म्हण घेतली आणि तेव्हापासून पुष्कळांस ती शास्त्रवचन वाटू लागली.) बाईही शास्त्रात कच्ची नव्हती. दाविदाच्या निवडीच्या वेळी परमेश्वराने शमुवेलास बाहेरच्या रूपाविषयी काय सांगितले ते तिने ऐकविले. पेत्राच्या पत्रात बाह्य शोभेविषयी जे स्त्रियांस सांगितले आहे ते पुरुषांस लागू नाही काय, असे विचारले. आणि त्या शुभ्र झग्यांविषयी बोलाल तर तेथे ते धुतल्याचे लिहिले आहे, इस्त्री केल्याचे नाही, असा शेवटचा टोला दिला. आम्हांस हसू आवरले नाही. पण खरे सांगावयाचे तर दोघांचेही चुकत होते. शमुवेलाला ते वचन मिळाले ते त्याने स्वतःची नजर सुधारावी म्हणून, नवऱ्याला गप्प करण्यासाठी नव्हे. आणि यहोशवाची मळकी वस्त्रे काढली गेली ती कृपेने, त्याच्या बायकोने रात्र जागविल्यामुळे नव्हे.

मग उपदेशक आम्हांस म्हणाला, "आता तुम्हीच न्याय करा."

आम्ही प्रथम सोपी वाट धरली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा आधार घेऊन सांगितले की, एक मनुष्य अमुक अन्न खातो, दुसरा खात नाही. एक अमुक दिवस पाळतो, दुसरा सर्व दिवस सारखे मानतो. प्रेषिताने तेथे दोघांसही एकमेकांचा न्याय करण्यास मनाई केली आहे. तशीच ही सवयीची गोष्ट आहे. एकाच्या घरी कपडे घडी घालून गादीखाली दाबण्याची रीत असते, दुसऱ्याच्या घरी खळ घालून कडक इस्त्री करण्याची. ह्यात पाप नाही, पुण्य नाही. एकमेकांस सोसून घ्यावे.

बाई शांतपणे म्हणाली, "सोसून घेते ना. पण इस्त्री करायची कोणी?"

आमच्या उत्तरातील उणीव ह्या एका प्रश्नाने उघडी पडली. प्रेषित ज्या भेदाविषयी लिहितो त्यात प्रत्येकाचे ताट वेगळे आहे. मांस खाणाऱ्याने आपले मांस खावे, भाजी खाणाऱ्याने आपली भाजी. एकाच्या मताचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर पडत नाही. घरातील धुण्याचे तसे नाही. सदरा एकाचा, मत त्याचे, आणि हात दुसरीचा. आवडीनिवडीचा भेद आणि कष्टाचा भेद ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि पहिल्याचा नियम दुसऱ्याला लावला म्हणजे शांतीच्या नावाखाली अन्याय चालू राहतो. आम्ही स्वतः कित्येक वर्षे हा नियम असाच लावीत आलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

तरी उपदेशकाची बाजू पोकळ होती असे कोणी समजू नये. जेवण झाल्यावर ओट्यावर बसून त्याने आपल्या आजाची हकिकत सांगितली. गावच्या बारा बलुत्यांत परीट हा एक बलुतेदार. सुगीला धान्य घेऊन तो गावाचे कपडे धूत असे. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीचा कपडा तो हातात घेत नसे. गावाचीच त्यास बंदी होती. घेतला असता तर त्याचे इतर घरांचे काम सुटले असते. आजा ख्रिस्ती झाला तरी परिटाच्या लेखी काही बदलले नाही. तेव्हा तो रविवारी पहाटे पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरी, तांब्या फडक्याने धरून आपल्या एकुलत्या एक सदऱ्यावरून फिरवी, आणि तो अंगात घालून चार कोस चालत मंदिरात जाई. वाटेत लोक हसत, कोणी शिव्या देत. परंतु आजा म्हणे की, त्या दिवशी आपल्या अंगावर कोणाचे उतरलेले वस्त्र नसते.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशीच आठवण असेल. मळके वस्त्र ही आपल्या लोकांची खोड नव्हती. ते आपल्यावर लादलेले होते. पाणवठा बंद, परीट बंद, नवे वस्त्र नेसले तर गावाचा रोष. सन १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी सत्याग्रह केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथेच स्त्रियांच्या सभेत, लुगडे नेसण्याच्या ज्या रीतीवरून जात ओळखू येते ती रीत सोडा, असे त्यांनी सांगितले, ते उगीच नव्हे. पुढे सन १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला, त्यात दुकान ह्या शब्दाच्या व्याख्येत कपडे धुण्याचे दुकान मुद्दाम नाव घेऊन घालावे लागले. तेव्हा इस्त्रीचा सदरा हा ह्या उपदेशकास दिमाख नाही. तो त्याच्या आजाचा वारसा आहे. हे ऐकून आमचे डोळे भरून आले, आणि न्याय त्याच्या बाजूने द्यावा असे क्षणभर वाटले.

पण दाराआड उभी राहून बाईही ऐकत होती. ती म्हणाली, "आजाने निखारे स्वतः भरले होते ना?"

मग तिने आपला शनिवार सांगितला. तक्रार म्हणून नव्हे, हिशोब म्हणून. गावात नळ आले आहेत, परंतु उन्हाळ्यात पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. एरवी विहिरीवर दोन खेपा. होळीनंतर ओढा आटतो, म्हणून धुणे घरीच, आणि एका बादलीत तीनदा खळबळून काढावयाचे. सकाळी दुसऱ्याच्या शेतात खुरपणी. दुपारी मंदिराची झाडलोट व सारवण, कारण उपदेशकाच्या बायकोने ते करावे असा मंडळीचा समज आहे. सायंकाळी पाहुण्यांचा, म्हणजे आमचाच, स्वयंपाक. लग्नात आलेली विजेची इस्त्री घरात आहे, पण दिवे जातात ते रात्री दहा-साडेदहाला येतात. "तोपर्यंत जागी राहिले तर सदरा सरळ होईल," ती म्हणाली, "मी वाकडी होईन."

येथे आम्हांस एका थोर पुरुषाच्या दोन गोष्टी आठवल्या. महात्मा गांधींनी त्या आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिल्या आहेत. सुमारे सन १८९८ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत डरबन येथे राहत असता त्यांच्या घरी त्यांचे कारकून राहत. त्यांत एक ख्रिस्ती होता. त्याचे आईबाप पंचम, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीचे. खोल्यांतील लघवीची भांडी गांधी व कस्तुरबा काढीत. ह्या कारकुनाचे भांडे काढताना कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आले. गांधींचे म्हणणे असे की, नुसते काढून चालणार नाही, ते आनंदाने काढले पाहिजे. बोलता बोलता त्यांस इतका राग आला की, त्यांनी पत्नीचा हात धरून तिला फाटकाबाहेर घालविण्यासाठी ओढीत नेले. ही गोष्ट वाचून आम्हां ख्रिस्ती लोकांचे मन दोहोंकडे ओढले जाते. तो कारकून आपल्यापैकी होता; त्याच्या भांड्याचा विटाळ मानणे चूक होते; तत्त्व सर्वस्वी गांधींच्या बाजूचे होते. आणि तरीही परक्या देशात निराधार बायकोला दाराकडे ओढणारा तो हात चुकीचाच होता. आपले म्हणणे खरे असले म्हणून दुसऱ्याच्या हातांवर आपला हक्क उत्पन्न होत नाही.

दुसरी गोष्ट त्याच पुरुषाची. पुढे त्यांनी धोब्याचा खर्च वाचविण्याकरिता धुलाईचे पुस्तक आणून स्वतः कपडे धुण्यास आरंभ केला. पहिल्याच कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरती तापली नव्हती, आणि कॉलर जळेल ह्या भीतीने ती नीट दाबलीही नाही; ती तशीच घालून ते कोर्टात गेले, तो खळ झडू लागली आणि बरोबरीचे बॅरिस्टर हसले. सन १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले तिकडे गेले असता त्यांजपाशी न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेला एक रुमाल होता. जोहान्सबर्गच्या मेजवानीस तो घ्यावयाचा होता आणि त्यावर सुरकुत्या पडल्या होत्या. धोब्याकडे पाठविण्यास वेळ नव्हता. गांधी म्हणाले, मी इस्त्री करतो. तुमच्या वकिलीवर माझा भरवसा आहे, धोबीपणावर नाही, अशा अर्थाचे गोखले बोलले. परंतु गांधींनी इस्त्री केली आणि गोखल्यांस ती पसंत पडली. ज्याला वस्त्र सरळ हवे, त्याने येथे इस्त्री स्वतःच्या हाती घेतली होती.

आम्ही हे सांगितले तेव्हा उपदेशक म्हणाला, "पण गावात लोक काय म्हणतील? पुरुषाने, त्यातून उपदेशकाने, बायकोसारखे धुणे-इस्त्री करावी?" हा आक्षेप आम्ही अनेक ठिकाणी ऐकला आहे, आणि तो आम्हांस नेहमी चमत्कारिक वाटतो. तालुक्याच्या बाजारात इस्त्रीच्या टपरीत कोण उभा असतो? पुरुष. शिंप्याच्या दुकानात काज-बटण झाल्यावर जड इस्त्री कोण फिरवितो? पुरुष. पैसे मिळाले म्हणजे हे काम पुरुषाचे, आणि घरात फुकट करावयाचे म्हणजे बायकोचे, असा हा न्याय आहे. ज्या रात्री प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले त्या रात्रीही पेत्राला हीच लाज वाटली होती. आणि पेत्राची लाज प्रभूने चालू दिली नाही. (त्याच योहानाच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेत मस्तकावरचा रुमाल निराळा गुंडाळून ठेवलेला होता, असे लिहिले आहे. आमच्या एका मित्राने ह्यावरून घड्या घालण्याचा सिद्धांत काढला होता. तितके पुढे जाण्याचे कारण नाही.)

सर्वच घरी दोष पुरुषाचा असतो असे मात्र नाही. आमच्या ओळखीची एक बाई मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. तेथे शनिवारी इस्त्री ठरलेली. नवरा खेड्यातला, धोतर उशीखाली घातले की झाले, अशी त्याची रीत. ती कोणास काही सांगत नाही. सर्व कपड्यांस स्वतः इस्त्री करते, पण प्रत्येक घडीबरोबर एक उसासा टाकते, आणि महिन्याच्या शेवटी ते सर्व उसासे नवऱ्यापुढे मांडते. हात तिचेच, हे खरे. पण ज्या कामाची मागणी नवऱ्याने केलीच नाही त्याचे ऋण ती त्याच्या नावावर लिहीत असते. प्रीतीविषयीच्या अध्यायात पौलाने अपकाराच्या हिशोबाविषयी जे म्हटले आहे ते ह्या भगिनीने पुन्हा वाचावे.

त्या रात्री ओट्यावर काही ठरले नाही. आम्ही निजलो. साडेदहाच्या सुमारास दिवे आले आणि थोड्या वेळाने जळक्या कापडाचा वास आला. आतून बाईचा आवाज ऐकू आला: "अहो, आधी पाणी शिंपडा. गळपट्टी पहिल्यांदा, मग खांदे, मग बाह्या. पुढचा भाग शेवटी. पुढचा आधी केलात तर बाह्या करताना तो पुन्हा चुरगळतो." मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

सकाळी उपदेशक वेदीपुढे उभा राहिला तेव्हा सदरा पुढून ताठ दिसत होता. प्रभुभोजनाच्या मेजाकडे तो वळला, तेव्हा पाठीवर खाली उजव्या अंगाला तांबूस डाग दिसला, इस्त्रीच्या टोकाएवढा. उपासना संपल्यावर बाई आमच्यापाशी आली आणि पदराआड हसत विचारू लागली, "पाठीवरचा डाग दिसला का तुम्हांला?"

आम्ही म्हटले, "दिसला."

"मी दिवे मालवून निजायला सांगत होते," ती म्हणाली, "पण पाठ राहिली आहे म्हणाले."