नापास होण्याचा हक्क



शाळा उघडायला आता थोडेच दिवस उरले आहेत. घरोघरी वह्यापुस्तकांची, दप्तरांची आणि रेनकोटांची खरेदी चालू आहे. दहावीच्या निकालाचे पेढे अनेकांनी बंगलीवर आणून दिले, त्यांचे आभार. ज्यांच्या घरी पेढे झाले नाहीत, त्यांच्यासाठी आज विशेषकरून लिहावेसे वाटले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या दक्षिणेला ब्रॉक्टन नावाचे शहर आहे. एके काळी तेथे बुटांचे मोठमोठे कारखाने होते. कारखाने बंद पडले आणि गरिबी मागे राहिली. तेथील ब्रॉक्टन हायस्कूल ही २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची अवाढव्य शाळा होती. त्यांत केप व्हर्द बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मुले पुष्कळ. ही बेटे १९७५ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि तेथील बहुतेक लोक कॅथलिक आहेत. गोम्स, लोपीस, फर्नांडिस ही त्यांची आडनावे ऐकली तर वसईच्या माणसाला आपण आपल्याच आळीत आहोत असे वाटेल.

राज्याने १९९८ साली नवी परीक्षा सुरू केली आणि २००३ पासून ती उत्तीर्ण झाल्याशिवाय हायस्कूलचा दाखला मिळणार नाही असे जाहीर केले. (ही अट पुढे २०२४ मध्ये मतदारांनी रद्द केली.) ब्रॉक्टनमध्ये जेमतेम चौथाई मुले उत्तीर्ण होत होती. तीन मुलांतले एक शाळा मध्येच सोडून जाई. आणि त्या शाळेत शिक्षकांच्या बोलण्यात एक वाक्य रुळले होते. मुलाला नापास व्हायचे असेल, तर तो त्याचा हक्क आहे, अशा अर्थाचे.

बंधुभगिनींनो, या वाक्यापाशी थोडे थांबू. ते वरवर पाहता उदार वाटते. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिले आहे, हे आपणही शिकवतो. उधळ्या पुत्राला बापाने अडवले नाही, हेही खरे. पण सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून आम्ही एक साधी गोष्ट घेतली. प्रीती म्हणजे दुसऱ्याचे भले व्हावे अशी इच्छा धरणे. ‘तुझे तू बघ’ या बोलण्यात अशी इच्छा कुठे आहे? तो बाप तर रोज वाटेकडे डोळे लावून बसला असावा, म्हणून तर त्याला मुलगा दुरूनच दिसला. भावाच्या राखणीची जबाबदारी आपली नाही असे देवाला पहिल्यांदा काइनाने सुनावले होते आणि तेव्हा त्याच्या हाताला रक्त होते.

दुसऱ्याच्या शाळेकडे बोट दाखवण्याआधी आमचेही सांगू. एकदा एक आई नववीत नापास झालेल्या मुलाविषयी बोलायला आमच्याकडे आली होती. आम्हाला सभेला जायची घाई होती. आम्ही म्हणालो, “बाई, त्यालाच नको असेल तर आपण काय करणार? प्रार्थना करा.” ती “बरं, फादर” म्हणून गेली. मुलाने शाळा सोडली. ते ब्रॉक्टनचे वाक्य आम्ही ऐकण्याआधीच बोलून चुकलो होतो.

तेथे सुरुवात झाली ती लाजेतून. १९९९ चे निकाल पाहून इतिहासाच्या शिक्षिका सुझन झाकोविट्स आणि इंग्रजीचे विभागप्रमुख पॉल लॉरिनो यांनी, जे सहकारी येतील त्यांना घेऊन, शनिवारी बसायला सुरुवात केली. मुले आळशी आहेत, पालक लक्ष देत नाहीत, देशात नवी आली आहेत, ही कारणे सर्वांना पाठ होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि परीक्षेचे प्रश्न समोर घेतले. पोरे अडतात कुठे? लक्षात आले की गणितातही मुले आकडेमोडीपेक्षा प्रश्न वाचण्यातच अडखळतात, आणि उत्तर ठाऊक असले तरी ते मांडून लिहिता येत नाही.

मग ठरले की वाचन, लेखन, बोलणे आणि विचारपूर्वक कारणे देणे या चार गोष्टी प्रत्येक शिक्षकाने, प्रत्येक विषयात शिकवायच्या. इंग्रजीच्या बाईंवर सोपवून मोकळे व्हायचे नाही. प्रश्न नीट वाचा, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ ओढा, टिपणे काढा, मग लिहा, लिहिलेले पुन्हा वाचा, अशा पायऱ्यांचे तक्ते वर्गावर्गांत लागले. कोणत्या विभागाने कोणत्या आठवड्यात तो धडा घ्यायचा याचे वेळापत्रक झाले, म्हणजे मुलाला तेच वळण वर्षभर, वेगवेगळ्या तोंडून मिळावे. तपासण्याची पद्धतही सर्वांची एक.

पी.टी.चे शिक्षक कुरकुरले. आम्ही मैदानावरची माणसे, लेखन शिकवणे आमचे काम नव्हे! त्यांच्या विभागप्रमुखांनी सांगितले की या शाळेत काम करायचे असेल तर ते तुमचेच काम आहे. इतरांनाही भीती होतीच; उगाच काम वाढेल, पूर्वीच्या योजनांसारखी हीही दोन वर्षांत विरून जाईल. ही भीती खोटी नव्हती, आणि समितीने तिला उत्तर दिले ते शिक्षकांना आधी स्वतः शिकवून.

२००१ चा निकाल लागला. आदल्या वर्षी नापास होऊन आता उत्तीर्ण झालेल्या मुलांची संख्या या शाळेत राज्यातील सर्व शाळांहून अधिक होती. मुले तीच, वस्ती तीच, इमारतही तीच.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय आपण अनेकदा ऐकला आहे. चौघे जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला खाटेवर घालून आणतात. दाराशी गर्दी, म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. त्या आजारी माणसाने तोंडातून एक शब्द काढल्याचे मार्क लिहीत नाही. त्याला बरे व्हायचे होते की नाही, कोण जाणे. येशूने पाहिला तो आणणाऱ्यांचा विश्वास. खाटेला चार कोपरे असतात. तिघांनी उचलली आणि चौथा ‘हे माझे काम नव्हे’ म्हणाला, तर काय होईल हे सांगायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. ते उघडलेले छप्पर नंतर कोणी शाकारले, हे मात्र मार्क सांगत नाही. घरमालकाला त्याची काळजी नक्कीच पडली असेल.

ही गोष्ट येथेच संपवली असती तर बरे वाटले असते, पण ते खरे झाले नसते. झाकोविट्सबाई २००४ पासून बरीच वर्षे तेथे मुख्याध्यापिका होत्या, मग निवृत्त झाल्या. २०२३ मध्ये त्या शहराच्या शाळांच्या हिशेबात एक कोटी डॉलरांहून मोठी तूट निघाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच शाळेची बातमी आली ती मारामाऱ्यांची, वर्गाबाहेर फिरणाऱ्या मुलांची आणि अपुऱ्या पडणाऱ्या शिक्षकांची. शहराच्या शालेय समितीतील चार सदस्यांनी शाळेत नॅशनल गार्डचे जवान पाठवावेत अशी मागणी केली. जवान पाठवले गेले नाहीत, पण मागणी झाली.

म्हणून कोणी म्हणेल, पाहिलेत, शेवटी सर्व व्यर्थ. आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या वाडवडिलांच्या कौलारू घरांची दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी होई. गेल्या वर्षी केली होती म्हणून यंदा कोणी सोडत नसे, आणि यंदा गळले म्हणून गेल्या वर्षीची शाकारणी फुकट गेली असेही कोणी म्हणत नसे. ज्या मुलांनी त्या काळात वाचायला, लिहायला शिकून दाखला घेतला, ती आज पस्तीस-चाळीस वर्षांची झाली असतील. त्यांचे शिकलेले कोणी काढून घेतलेले नाही.

आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. बँकेतून, रेल्वेतून निवृत्त झालेलेही आहेत. येत्या शनिवारी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही सभागृह उघडे ठेवणार आहोत. यंदा आठवी, नववी, दहावीत अडकलेल्या मुलांना घेऊन कोणी, कधी, काय वाचायचे एवढेच ठरवू. चहा आमच्याकडून. त्या आईकडे आम्ही स्वतः जाऊन आलो. मुलगा सतराव्या नंबरचा फॉर्म भरायला तयार आहे, पण गणिताची त्याला धास्ती वाटते. रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत त्याच्यासाठी आणि ब्रॉक्टनच्या मुलांसाठीही प्रार्थना करू.

आपला,
धर्मगुरू