करिंथच्या दफ्तरातील पत्र

ख्रिस्ती मंडळीच्या प्रकृतीचा विचार निघाला की आपली दृष्टी सहजच मंदिराची इमारत, उपासनेस लोटणारी गर्दी आणि पाळकाचे वक्तृत्व यांवर जाते, आणि जेथे या गोष्टींची रेलचेल असते ती मंडळी निरोगी, असा निवाडा आपण फारशी चौकशी न करता देऊन टाकतो. या कसोटीवर पहिल्या शतकातील करिंथची मंडळी बहुधा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली असती. दोन बंदरांच्या व्यापारावर गबर झालेल्या त्या शहरातील मंडळीत वक्ते होते, संदेष्टे होते, ज्ञानाचा अभिमान तर उदंड होता, तथापि इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने तिला लिहिलेले पत्र वाचू लागले की वाटण्यांवर आलेल्या एकत्र कुटुंबाची कैफियत आपण ऐकत आहोत असे वाटते. मंडळीत तट पडलेले, आणि भाऊ भावावर फिर्याद घेऊन सरकारी न्यायासनापुढे उभा!

यांपैकी सर्वांत बोलका दोष पंगतीतला आहे. प्रभुभोजन त्या काळी एखाद्या सुखवस्तू बंधूच्या घरी पोटभर जेवणासह होत असे. ज्यांना सवड असे ते आपले अन्न आणून, खाऊनपिऊन तृप्त होत, आणि बहुधा धन्याचे काम उरकून उशिरा पोचणारा दास व मजूर रिकाम्या ताटावर बसे. भाकर होती, प्याला होता, प्रार्थनाही झाली असेल. तरीसुद्धा हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे पौल बजावतो. विधीत चूक नसताना विधी खोटा ठरू शकतो, हे त्याने ओळखले होते. जेथे पंगतीवरून जात ओळखली जाई त्या आपल्या मुलखात, महार, मांग आणि थोडे ब्राह्मण यांनी एका प्याल्याला ओठ लावणे ही नगर जिल्ह्यातील मंडळ्यांची खरी मिळकत होती. पण सोयरीक जमविताना पूर्वाश्रमीची जात आजही हळूच विचारली जाते, तेव्हा करिंथ फार दूर राहत नाही.

कोणी म्हणेल, निष्ठेची कसोटी सिद्धांत आहे, ताट नव्हे. सिद्धांत हवाच, पुनरुत्थानाविषयी पौल त्याच पत्रात जीव तोडून वाद घालतो. मात्र पुनरुत्थान, पंगत आणि कोर्टकज्जा यांसाठी त्याने तीन वेगळी दफ्तरे उघडली नाहीत.

पैशाच्या बाबतीत तर त्याचा काटेकोरपणा एखाद्या खजिनदाराला लाजविणारा आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा होणारी वर्गणी हाताळताना आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून तो तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला मनुष्य पाठवितो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, असे म्हणण्याचा अधिकार ज्याला होता तोच साक्षीदार मागून घेतो. आणि आपल्याकडे मात्र जमाखर्चाबद्दल प्रश्न करणारा सभासद अश्रद्ध ठरतो, मग मिशनच्या काळच्या जमिनींचे दावे वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयांत रेंगाळतात.

तरीही करिंथला मी रोगट म्हणून बाजूस सारणार नाही. दोषरहित मंडळी कागदावरच सापडते. प्रश्न असा की मंडळीला आपला दोष भरसभेत ऐकवतो की नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात मराठी मंडळीच्या परावलंबनावर आणि परकेपणावर उघड ठपका होता. त्यांची पदे आपण दर रविवारी गातो. ठपका मात्र आपण कौतुकाच्या शालीत गुंडाळून ठेवला.

करिंथकरांनी तसे केले नाही. आपली इतकी बेअब्रू करणारे पत्र जाळून टाकणे त्यांना अवघड नव्हते; त्यांनी ते जपले. रोग त्याने समूळ गेला, असेही नाही. शतकाच्या अखेरीस त्यांनी वडीलजनांनाच पदच्युत केले, तेव्हा रोमच्या मंडळीकडून क्लेमेंटचे दीर्घ पत्र आले, आणि पौलाचे ते जुने पत्र पुन्हा हाती घ्या, असे त्यात सांगितले होते. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही ते करिंथच्या दफ्तरात असणार, हे रोमला ठाऊक होते. पुढे इ. स. १७० च्या सुमारास करिंथचा बिशप डायोनिसियस रोमला लिहितो की क्लेमेंटचे पत्र आम्ही अद्याप उपासनेत वाचतो. आणि त्या दोन पिढ्यांपूर्वीच्या भांडणाची लाज वाटून ते वाचन बंद करावे, असे त्याच्या मनात आलेले दिसत नाही.