‘बहुतेक’ हा शब्द : स्यमंतक मणी आणि माझं घड्याळ



आजचं वाचन श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ५६. स्यमंतक मण्याची गोष्ट. गणपतीत घरोघरी सांगतात तीच. चतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो आणि तो घालवायला ही कथा ऐकायची, एवढंच लहानपणापासून माहीत होतं. अध्याय मुळातून पहिल्यांदा वाचला तो गेल्या महिन्यात. त्यानंतर दोन रात्री नीट झोप लागली नाही. का, ते लिहितो.

आधी माझ्या एका नादाबद्दल सांगायला हवं. मी जुनी मनगटी घड्याळं जमवतो. सुरुवात एचएमटी जनतापासून झाली. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली. २०१६ मध्ये सरकारने तो घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय घेतला आणि जी घड्याळं आपल्या वडिलांच्या पिढीने कपाटात टाकून दिली होती त्यांच्यामागे माझ्यासारखे लोक धावायला लागले. मग फाव्र-ल्युबा. मूळ स्विस घराणं, पण मुंबईत १८६५ पासून. मग वेस्ट एंड वॉच कंपनी. ही तर १८८६ साली मुंबईतच सुरू झाली. माझ्याकडे तिचं ‘सोवार प्रायमा’ आहे. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडेस्वार.

हा नाद स्वस्त नाही आणि सरळही नाही. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर कितीतरी रविवार घातलेत. एका विक्रेत्याने मला नवी रंगवलेली डायल अस्सल म्हणून विकली. अशा जोडजाड केलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराच्या नावाची ही कीर्ती! रात्री दीड वाजेपर्यंत लिलावांची पानं चाळायची. पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. त्या रात्री मी स्वतःच काहीतरी जिंकल्यासारखा खूश होतो. माझं त्यात काय होतं? काहीच नाही.

आता अध्यायाकडे वळू. सत्राजित सूर्याचा भक्त. सूर्याने प्रसन्न होऊन त्याला मणी दिला. इथे थांबा जरा. मणी चोरीचा नाही, लाचेचा नाही, चक्क प्रसाद आहे. भागवत कुठेही म्हणत नाही की मणी बाळगणं पाप. तो मणी रोज आठ भार सोनं द्यायचा. सत्राजित गळ्यात घालून द्वारकेत शिरला तर लोकांना वाटलं साक्षात सूर्यच आला. कृष्ण फासे खेळत होता. तो हसून म्हणाला की हा सूर्य नव्हे, सत्राजित आहे. पुढे कृष्णाने यादवांच्या राजासाठी मणी मागितला आणि सत्राजिताने दिला नाही. स्वतःसाठी मागितलेला नव्हता, हे लक्षात घ्या.

हे वाचताना आठवलं की चुलत भावाने लग्नाच्या एका दिवसापुरतं माझं फाव्र-ल्युबा मागितलं होतं. मी म्हणालो, ‘सर्व्हिसिंगला दिलंय.’ ते कपाटातच होतं.

पुढचं माहीत आहेच. भाऊ प्रसेन मणी घालून घोड्यावरून शिकारीला गेला. सिंहाने त्याला मारलं. सिंहाला जांबवंताने मारलं आणि मणी गुहेत नेऊन आपल्या पोराला खेळायला दिला. रोज आठ भार सोनं देणारी वस्तू त्या गुहेत खुळखुळा झाली! मला या अध्यायातली ही जागा सगळ्यात आवडते. मण्याची किंमत मण्यात नव्हती, द्वारकेत होती.

प्रसेन परतला नाही तेव्हा सत्राजित काय म्हणतो? ‘कृष्णाने मारलं’ असं छातीठोकपणे म्हणत नाही. त्याच्या तोंडी जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘बहुतेक’. बहुतेक कृष्णानेच माझ्या भावाला मारलं असेल. आणि मग लोक एकमेकांच्या कानात कुजबुजायला लागले. पुरावा नाही, साक्षीदार नाही. एक ‘बहुतेक’ आणि अख्खी द्वारका.

हा शब्द मी वापरलेला आहे.

गेल्या वर्षी गणपतीला सापगावला काकांकडे होतो. शहापूरपासून जवळच, भातसा नदीच्या काठचं आमचं गाव. पाच दिवसांचा गणपती. सोवार प्रायमा मुद्दाम घेऊन गेलो होतो, दाखवायलाच, खोटं कशाला बोलू. काकांची भातशेती अर्धेलीने करणाऱ्यांचा मुलगा, सातवीतला, दिवसभर आमच्याकडेच असायचा. आरतीला टाळ वाजवायचा. त्याने घड्याळ कानाला लावलं आणि टिकटिक ऐकून हसत सुटला. “दादा, ह्याच्यात सेल नाय?” मी त्याला चावी देऊन दाखवली. त्याने परत कानाला लावलं.

विसर्जनाला पाण्यात उतरायचं म्हणून घड्याळ काढून ठेवलं. परत आलो तर नाही. बॅग दोनदा रिकामी केली, गाद्या उलटल्या. काकांनी विचारलं, “कोण आलं होतं खोलीत?” मी म्हणालो, “बहुतेक त्यानेच घेतलं असेल. सारखं कानाला लावत होता.”

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. दिवेलागणीला त्याचे वडील आले, मुलाचं दप्तर घेऊन. काही बोलले नाहीत. ओटीवर सगळ्यांसमोर दप्तर उलटं केलं. वह्या, कंपास, एक भोवरा. मग सगळं परत भरलं आणि गेले. मुलगा अंगणात उभा होता. मी त्या वेळी वहीखाली काही लपलंय का ते बघत होतो. हे लिहायला हात जड होतोय, पण मी खरंच ते बघत होतो.

(चतुर्थीच्या रात्री आजीने सगळ्यांना बजावलं होतं, चंद्र बघू नका. बघितला मी, मोबाईलवर फोटोही काढला. आळ मात्र त्याच्यावर आला.)

तीन आठवड्यांनी ठाण्यात, ऑफिसमध्ये, जुन्या हार्डडिस्कच्या पाऊचमध्ये हात घातला आणि घड्याळ हाताला लागलं. विसर्जनाला निघताना ऑफिसचा अलर्ट आला होता, लॅपटॉप उघडला होता, तेव्हा मीच ते सुरक्षित म्हणून तिथे टाकलं होतं. चावी संपून केव्हाच बंद पडलेलं. चावी दिली तर लगेच चालू, जसं काही झालंच नाही.

काकांना फोन केला. “सापडलं हो. त्यांना सांगून टाका.” माझी माफी ती एवढीच.

आता कृष्ण काय करतो बघा. आळ ऐकल्यावर तो चिडत नाही, उलट आरोपही करत नाही. नगरातली माणसं बरोबर घेतो आणि प्रसेनाच्या मागावर निघतो. आधी प्रसेन आणि घोडा मेलेले सापडतात, मग सिंह, मग गुहा. आमच्या क्षेत्रात सिस्टिम कोसळली तर लॉग तपासल्याशिवाय कोणाच्या कोडकडे बोट दाखवायचं नाही, हा नियम मीच नव्या मुलांना शिकवतो. माणसाच्या बाबतीत मात्र मी एकही लॉग उघडला नाही. गरीब घरातला, बारा वर्षांचा, घड्याळ आवडलेला. माझ्या मनात निकाल आधीच लागलेला होता.

गुहेत जांबवंताशी अठ्ठावीस दिवस युद्ध. बाहेरची माणसं बारा दिवस थांबून रडत परतली. शेवटी कृष्ण जांबवती आणि मणी घेऊन आला आणि त्याने सत्राजिताला कुठे बोलावलं? राजसभेत. सगळ्यांसमोर मणी कसा मिळाला ते सांगितलं आणि मणी त्यालाच परत दिला. आळ चारचौघांत आला होता, तो चारचौघांतच पुसला गेला. सत्राजित खाली मान घालून घरी गेला. इथे मी वाचायचा थांबलो. मी तर फोनवर निरोप धाडून मोकळा झालो होतो.

गेल्या रविवारी आसनगावची लोकल पकडली. काकांना म्हटलं, त्या दिवशी ओटीवर जे होते त्यांना बरोबर घ्या. दोघे आले, दोघांनी “आता कशाला उकरायचं” म्हणून टाळलं. त्यांच्या अंगणात उभा राहून सांगितलं की घड्याळ माझ्याच बॅगेत होतं, मी न बघता नाव घेतलं, चूक माझी. पाठ केलेलं वाक्य होतं, तरी मध्येच तुटलं. घड्याळ खिशातून काढून मुलासमोर धरलं. वडील म्हणाले, “ते नको, दादा. ते तुमचं तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. बसा, चहा घ्या.”

अध्यायाच्या शेवटी सत्राजित सत्यभामा आणि मणी दोन्ही कृष्णाला देऊ करतो. कृष्ण सत्यभामेशी लग्न करतो, मणी घेत नाही. तो तुमच्याकडेच असू द्या म्हणतो. मी हे वाचून गेलो होतो, तरी घड्याळ पुढे केलंच. देऊन मोकळं व्हायची घाई, दुसरं काय.

चहा झाला. मुलगा आता आठवीत आहे, उंच झालाय. काकांकडे वर्षभर फिरकलेला नाही. मी निघताना तो फाटकापर्यंत आला आणि विचारलं, “मी कानाला लावलं म्हणून तुम्हाला तसं वाटलं?”

मी म्हणालो, “हो.”

तो मान हलवून आत गेला.

यंदा गणपतीला तो टाळ वाजवायला येईल की नाही, माहीत नाही. उद्या अध्याय ५७ वाचू. मण्याची गोष्ट अजून संपलेली नाही.

राम कृष्ण हरी.