सुकलेलें फूल खुडणारा हात



पावसाळ्यांत शहापूर व मुरबाड तालुक्यांस फुलांचा तोटा नसतो. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या घाटापर्यंत तेरडा व सोनकी आपोआप फुलतात, आणि भाद्रपदांत अंगणांतील झेंडूही डोलूं लागतो. अडचण पुढें येते. भात कापून झाल्यावर कापणीच्या सणास उपासनामंदिरांत पेंढ्या व टोपल्या येतात, तेव्हां पुष्कळ अंगणांत काळ्या बोंडांखेरीज कांहीं उरलेलें नसतें.

असें कां व्हावें? झेंडू फुलतो तो आमच्यासाठीं नव्हे, बीं धरण्यासाठीं. बीं पक्कें होऊं लागलें कीं झाड नव्या कळ्या धरणें कमी करितें. फूल कोमेजतांच देठासह खुडलें तर तें पुन्हां फुलूं पाहतें. लावणीनंतर सुमारें एका महिन्यानें मुख्य शेंडाही खुडावा. पहिलें फूल कांहीं दिवस लांबेल, पण बाजूंस फांद्या फुटून एका कळीच्या जागीं अनेक येतील. आमच्या शेतकरी बांधवांस हें ठाऊक आहे, तरी जोमदार शेंडा तोडण्यास हात धजत नाहीं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायांत प्रभु द्राक्षवेलाविषयीं बोलतो. तेथें माळ्याची कोयती वाळक्या फांद्यांपुरती नाहीं. फळ देणाऱ्या फांदीसही ती लागते. हा भाग आम्ही बहुधा दुःखितांच्या घरीं वाचतों. खरें पाहतां तो समाधानानें बसलेल्यांस अधिक लागू आहे. दहा वर्षांपूर्वीं आम्हीं एक शब्बाथशाळा चालविली, एका आजाऱ्याची सेवा केली, आणि अजून तेंच सांगत फिरतों! तीं आमचीं बोंडें होत. तीं कोणीं खुडलीं तर आम्हांस राग येतो; कबूल करावयास लाज वाटते, पण येतो.

सर्वच झाडांस मात्र एक नियम नाहीं. रात्र मोठी होऊं लागल्याशिवाय शेवंती कळी धरीत नाहीं. भाद्रपदांत कितीही खत घातलें तरी व्यर्थ. मंडळींतील एखादा मंद दिसणारा बंधु झेंडू आहे कीं शेवंती, हें उपदेशकानें आधीं पाहावें, मग शेंड्यास हात घालावा.

आतां पाण्याचें. पाऊस थांबतांच आमची मुरमाड जमीन लौकर सुकते. तानसा व भातसा यांचें पाणी मुंबईस जातें, आणि त्याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत भगिनी हंडे घेऊन दूर चालतात. तेव्हां फुलांवर विहीर रिती करा असें आम्ही म्हणणार नाहीं. तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी सकाळीं मुळाशीं घालावें, आणि भोंवतीं पेंढा किंवा पालापाचोळा पसरावा. श्रावणांत थोडीं रोपें मागाहून लावलीं तर तीं आश्विन-कार्तिकांत फुलतील. परंतु सरीवरंबा करावा, नाहींतर पाणी साचून मुळें कुजतात.

दोन-चार निरोगी झाडांचीं फुलें मात्र शेवटीं खुडूं नयेत. तीं झाडावरच वाळूं द्यावीं, बीं कापडांत बांधून उंदरांपासून दूर टांगावें, आणि ज्याच्या अंगणांत यंदां कांहींच फुललें नाहीं त्यास ज्येष्ठांत मूठभर द्यावें.