न वाचता बोलायची हिंमत होते कशी?

वह्या मिटा आणि सरळ बसा. मागच्या वाचन कट्ट्यावर तुम्ही जे बोललात ते मी मध्ये एक शब्द न बोलता ऐकून घेतलं. आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात.

लोइस लॉरींची ‘नंबर द स्टार्स’ ही नाझींच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये घडणारी कादंबरी दीडशे पानांचीसुद्धा नाही. ती वाचायला दिवाळीची अख्खी सुट्टी होती. तरी तुमच्यातले निम्मे जण मोबाइलवरचा सारांश चाळून कट्ट्यावर आले आणि ऐटीत मतं देऊन गेले. न वाचलेलं लपत नाही, बाळांनो. ज्यानं पुस्तक वाचलंय तो कर्स्टीला नायिका अ‍ॅनमरीची मैत्रीण म्हणत नाही. कर्स्टी तिची धाकटी बहीण. मैत्रीण म्हणजे ज्यू मुलगी एलन रोझेन. नाझी सैनिक मध्यरात्री घरात घुसतात तेव्हा जिच्या गळ्यातली साखळी अ‍ॅनमरी हिसडून तोडते आणि मुठीत दडवते, ती एलन. हा प्रसंग वाचून ज्याचा श्वास अडकला, तो नावांची गल्लत करणारच नाही.

‘शेवट गोड झाला,’ असंही एकानं ठोकून दिलं. कुठला शेवट? त्याच शेवटच्या प्रकरणात नाझींविरुद्ध लढणाऱ्या पीटरला गोळ्या घातल्याचं कळतं. अ‍ॅनमरीची थोरली बहीण लीस अपघातात गेली नव्हती, तिच्या अंगावर लष्करी गाडी घातली होती, हेही तिथंच उलगडतं. आणि पुस्तकाबाहेर काय झालं ते ऐका. अ‍ॅनमरीचा हेन्रिक मामा राहतो ते गिलेलाय हे खरोखरचं कोळ्यांचं गाव आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये तिथल्या चर्चच्या माळ्यावर लपलेले कितीतरी ज्यू गेस्टापोच्या हाती लागले. डेन्मार्कमधून सात हजारांहून जास्त ज्यू स्वीडनला सुखरूप पोचले हे खरं. पण सुमारे ४७० जण पकडून तेरेझिनच्या छावणीत धाडले गेले, हेही तितकंच खरं.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. डेन्मार्कच्या राजानं ज्यूंसाठी स्वतःच्या छातीवर पिवळा तारा लावला, असं तुमच्यातल्या एकीनं छातीठोक सांगितलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ही नुसती दंतकथा आहे. डेन्मार्कमध्ये ज्यूंवर तारा लावायची सक्ती कधी झालीच नाही, मग राजा तो लावेल कशाला? दहावा क्रिस्तियान राजा रोज घोड्यावरून, सोबत पहारा न घेता कोपनहेगनच्या रस्त्यांवरून फिरायचा, हे मात्र घडलेलं आहे आणि ते कादंबरीत आलेलं आहे. खरी गोष्ट हाताशी असताना खोटीला टाळ्या का?

ऐतिहासिक कादंबरी हातात घेतली की दोन प्रश्न विचारायचेच: यात घडलेलं काय आणि रचलेलं काय? लेखिकेनं तुमची सोय करून ठेवली आहे. पुस्तकाच्या शेवटी तिनं उपसंहार लिहिला आहे. तो किती जणांनी वाचला? मी हात वर करायला सांगितले तेव्हा सगळे खाली बघत होते. कर्स्टीला आपल्या वाढदिवसाची आतषबाजी वाटते, तो उजेड खराखुरा होता. २९ ऑगस्ट १९४३ ला जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून डेन्मार्कच्या आरमारानं आपलीच जहाजं बुडवली, पेटवली. होड्यांत लपलेली माणसं हुंगून काढणाऱ्या जर्मनांच्या कुत्र्यांचं नाक बधिर करणारा तो रुमालही खरा. सशाचं वाळलेलं रक्त आणि कोकेन यांची पूड त्यावर टाकलेली असे. अ‍ॅनमरी काल्पनिक आहे, तिच्या टोपलीतला रुमाल नाही. ही सांगड उलगडणं म्हणजे चर्चा. ‘मस्त होतं’, ‘बोअर झालं’ ही चर्चा नव्हे.

आता ज्यानं ‘हिटलरनं देशाला शिस्त तर लावली’ असं म्हटलं, त्यानं नीट ऐकावं. लाखो पोरांना आईबापांसकट ठार मारणारी व्यवस्था वक्तशीर होती म्हणून तिला शिस्त म्हणायचं नाही. या वर्गात तर नाहीच. पाहायचंच असेल तर ज्यूंच्या धरपकडीची खबर आधीच फोडणारा जर्मन अधिकारी गेओर्ग डुकवित्झ बघ. हुकूम मोडायला जी हिंमत लागते, ती त्याच्याकडे होती.

‘ज्यू लोकांशी आपला काय संबंध?’ हाही प्रश्न आला. रायगड जिल्ह्यात जाऊन विचारा. तिथल्या गावांत बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं, आणि घरात बोलायची भाषा मराठी. तुमच्या-माझ्या गावचीच माणसं ही.

मी रागावले आहे, कारण तुम्ही हुशार आहात आणि तुम्ही आळस केलात. जे लोक होडीच्या तळाशी, मासळीच्या वासात, श्वास रोखून पडून राहिले, त्यांच्याविषयी दोन वाक्यं बोलायची तर आधी त्यांची गोष्ट पुरती वाचण्याचं ऋण आपल्यावर आहे.

पुढच्या कट्ट्याला प्रत्येकानं पुस्तक उपसंहारासकट वाचून यायचं. वहीत दोन रकाने आखायचे: घडलेलं आणि रचलेलं. प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक हवा. ज्याची वही कोरी असेल त्यानं त्या दिवशी गप्प बसून ऐकायचं. न वाचलेल्याला मत नसतं.